कोल्बीला तीन वर्षं

१४ ऑगस्ट
ठरलं. यंदा शाळेच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक कोल्बी. वय पंधरा, हात लांब, अक्कल यायची आहे. येईल. पास फेकणारा पोरगा एका दिवसात घडत नाही. तीन वर्षं त्याला कोणी हलवायचं नाही, मीसुद्धा. डायनरमध्ये टीमच्या देणगीदारांना अंडी-बेकन खाता खाता हेच सुनावलं. पोरं आणि पेकनची झाडं, दोघांनाही वेळ द्यावा लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मार्लीनने अंगणात पेकनचं रोप लावलंय. म्हणाली, "रॉइस, हे आपलं पाचवं गाव. या झाडाचे पेकन खाल्ल्याशिवाय मी इथून हलायची नाही." कोचच्या बायकोने असंच असावं.

२६ ऑगस्ट
काल हरलो. कोल्बीचे तीन पास अगदी अचूक गेले, समोरच्या टीमच्या हातात. नेम आहे. पास कोणाला द्यायचा ते शिकवू.

२ सप्टेंबर
हरलो. हाफटाइमला कोल्बीला बसवून बारावीतल्या ब्रॉकला घातला. कोल्बीला नीट समजावलं, "तुला काढत नाहीये. बाजूला बसून खेळ बघायची संधी देतोय." पोराने मान खाली घातली. नम्र आहे.

सकाळी अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी. कोच हरला की इथले लोक आणून रोवतातच. उपटून गॅरेजमध्ये टाकली. मार्लीन हसली नाही. खेळाची गंमत तिला कळत नाही.

१६ सप्टेंबर
ब्रॉकलाही वेळ द्यायला हवा. दिला, पहिला क्वार्टर संपेपर्यंत. मग कोल्बी, मग परत ब्रॉक, शेवटी किक मारणारा पोरगा. हरलो. पाट्या वाढल्या. न्हावी म्हणाला, निदान एक हजामत होईल एवढा तरी वेळ द्या त्या पोराला. न्हाव्याला फुटबॉलमधलं काय कळतंय!

७ ऑक्टोबर
कोल्बी हेल्मेट परत करून शाळेच्या बँडमध्ये गेला. काल हाफटाइमला त्याने ट्रम्पेट इतका बेसूर वाजवला की कुत्री ओरडली. बँडमास्तरला म्हटलं, काढून टाका. तो म्हणतो, पहिलं वर्ष असंच असतं. अशाने बँड बुडणार.

१४ नोव्हेंबर
सीझन संपला. स्कूल बोर्डापुढे मुद्देसूद बोललो. कोच घडायला पाच वर्षं लागतात, एका सीझनवरून निवाडा करू नका. अध्यक्षीणबाई शांतपणे म्हणाल्या, "कोच, तुम्हाला काढत नाही आहोत. बाजूला बसून खेळ बघायची संधी देतोय."

माझं वाक्य बोर्डापर्यंत पोचलंय, म्हणजे वजन आहे. मे महिन्यापर्यंत शाळेतल्या पोरांना गाडी चालवायला शिकवायचं, मग बघू म्हणाले. 'बघू' म्हणजे दार उघडंच आहे.

१८ नोव्हेंबर
सकाळी पुन्हा पाटी. मॅच नसताना! लोक अजून विसरले नाहीत, याचं बरंच वाटलं. उपटून गॅरेजकडे निघालो तर मार्लीन दारात उभी.

"ती ठेव तिथेच. ती मी लावलीये."

बघतो तर खाली तिचाच फोन नंबर. विचारलं, आता कुठे जायचं? म्हणाली, तू सहावं गाव शोध, मी वेकोला बहिणीकडे चालले. पेकनचं रोप खणून बादलीत घातलेलं होतं.

"ते तरी राहू दे," मी म्हटलं.

"नको. तू रोज उपटून मुळं बघशील."

बादली तिच्या गाडीत मीच ठेवली. मग पाटी होती तिथे परत रोवली.