पांढरी तार नावेत नको

मी, आकाराम तात्याबा मोहिते, धंदा नावेचा, राहणार सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या भिडेला बळी न पडता लिहून ठेवतो. अक्कल ठिकाणावर आहे. परवा मिरजेला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचे काही कारण नाही. हे ते पुन्हा पुन्हा म्हणाले, तेव्हापासून मी घाबरलो आहे.

कलम पहिले. मला मूलबाळ नाही. राहते घर माझी पत्नी बनुबाई हिचे. उसाच्या रानातला माझा हिस्सा थोरले बंधू भाऊसो यांचा, बांधावरच्या आंब्यासकट. त्या आंब्यापायी दादा माझ्याशी कैक दिवस बोलला नव्हता. आंबा शेवटी आंबटच निघाला, पण असो, त्याचा त्याला लखलाभ.

कलम दुसरे, आणि माझा सगळा जीव यातच अडकला आहे. शिडाची छोटी नाव. महाबळेश्वरच्या तळ्यात ती एका साहेबाची होती. साहेब विलायतेला गेला तेव्हा मी ती लॉरीवर घालून कृष्णेवर आणली. लढाईत मी आरमारात वायरमन होतो. म्हणून लॉरीची बॅटरी बसवून डोलकाठीवर एक दिवा, सुकाण्यापाशी एक दिवा आणि एक भोंगा घातला. अंधार पडल्यावर पैलतीरावरून आजारी माणूस आणायचा झाला की लोक मलाच हाक मारतात. ही नाव मी बनुबाईला देतो. शीड ती माझ्यापेक्षा बरे धरते.

भाचा सिद्धू रुसेल, म्हणून कारण लिहितो. खंडेनवमीला आम्ही हत्यारांबरोबर नावही पुजतो. यंदा डोलकाठीला तेल द्यायला तारा सोडल्या होत्या. प्रत्येक तारेच्या टोकाला मी आरमारातल्या शिरस्त्याने कापडी चिठ्ठी बांधली होती, ही बॅटरीची, ही दिव्याची, ही भोंग्याची. बनुबाईने भक्तिभावाने एकेका चिठ्ठीला हळदकुंकू लावले. एक अक्षर दिसेना. मी येईपर्यंत सिद्धूने तारा अंदाजाने जोडून टाकल्या. वर मलाच म्हणाला, "तारंला काय जात असती व्हय मामा? जोडली की लागली!" लागली ती आग. ठिणगी उडाली आणि शिडाचा कोपरा जळाला. नाव घाटाला होती म्हणून निभावले. मधल्या धारेत, आत बाळंतीण असताना हे झाले असते तर? हा विचार मला सोडत नाही. सिद्धूला माझी पक्कड द्यावी, बॅटरीला हात लावू देऊ नये.

त्या दिवशी मी बनुबाईवर ओरडलो. ती म्हणाली, "आवं, ही अक्षरं कुणासाठी लिव्हलीया? मला वाचाय येत न्हाई, आन् सिद्धू वाचत न्हाई."

दिवाळीनंतर सगळ्या तारा नव्याने घालायला काढल्या. चिठ्ठ्या बंद, रंगावर ओळखायचे ठरले. पण पेठेत तार मिळाली ती एकाच रंगाची, पांढरी. बनुबाई म्हणाली, "पांढरी नगं नावंत." मी विचारले, का गं? तिने उठून ट्रंक उघडली आणि जुनी लुगडी, चोळ्यांचे खण फाडायला बसली. त्या पट्ट्या मेणात बुडवून आम्ही तारांवर गुंडाळल्या. बॅटरीकडून येणारी तांबडी, कुंकवाची. डोलकाठीच्या दिव्याची हिरवी, चुड्याची. सुकाण्याची पिवळी, हळदीची. भोंगा जांभळा, खणाचा. परतीची तार, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी, सगळ्यांना जोडलेली असते, तिला तिने काळा रंग दिला. म्हणाली, "ही मंगळसूत्राची." काळी शेवटी जोडावी आणि सोडताना पहिली सोडावी, एवढेच तिला सांगावे लागले.

कलम तिसरे. वडील गेले त्या दिवशी चुलत्यांच्या बायकांनी आईच्या बांगड्या दगडावर फोडल्या. मनगटातून रक्त आले, तरी कुणी थांबले नाही. मी दारात उभा होतो. पुढे आई जगली, पण तिच्या अंगावर रंग म्हणून दिसला नाही. ऑपरेशनची भीती मला आहेच, पण त्याहून जास्त भीती या गोष्टीची आहे. म्हणून लिहितो. मी परत आलो नाही तर बनुबाईच्या बांगड्या कुणी फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्राला हात लावू नये, पांढरे लुगडे तिच्यापुढे टाकू नये. कुणी जातभाई रीत सांगायला आला तर त्याला सांगावे की हे आकारामने लिहून दिले आहे आणि त्याचे पाप आकारामच्या माथी. बनुबाई, तुला मी कधी तोंडाने म्हटले नाही. तू मला लय आवडतेस.

हे सगळे दादाला वाचून दाखवले. तिसरे कलम त्याने दोनदा वाचायला लावले. मग लेखणी घेऊन म्हणाला, "करतो सही. न्हाई फोडू देत कुणाला. पर गड्या, तू मागारी येतोयस, येवढं एक कलम लिव्ह की रं."

ते कलम मला लिहिता आले नाही.

मुक्काम सांगली, ता. ४ डिसेंबर १९४९
सही : आकाराम तात्याबा मोहिते
साक्षीदार : भाऊसो तात्याबा मोहिते
साक्षीदार : धुळा बिरू हाके, शेजारी, निशाणी डावा अंगठा