उचललेल्या बकेटखाली फोटो काढणाऱ्यांसाठी

मी, कुमारी वंदना नरहर डेहनकर, वय चोवीस, बी.एस्सी., राहणार कारखान्याची वसाहत, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. घरात याबद्दल मतभेद आहेत, पण काल बाकीच्यांनी जे केले ते पाहता माझ्याच डोक्यावर विसंबलेले बरे.

कलम १. लोडर. आप्पा निवृत्त झाल्यावर आम्ही लिलावात एक जुना स्किड स्टीअर लोडर घेतला. माती-मलबा उचलणारे ठेंगणे यंत्र आहे. दोन बाजूंना दोन लोखंडी हात, पुढे बकेट, मधल्या पिंजऱ्यात चालक. चढायचे-उतरायचे पुढूनच, बकेट ओलांडून. म्हणजे यंत्राचे हात वर ठेवून उतरणारा माणूस त्यांच्या खालूनच जातो. कागद माझ्या नावावर आहेत, कारण घरातली पहिली पदवीधर मी आणि इंग्रजी फॉर्म मीच भरला.

खरेदीला जाताना मी यादी नेली होती: सांध्यांतल्या पिना ढिल्या आहेत का, नळ्या तेल गाळतात का, इंजिन बंद केल्यावर उचललेले हात जागेवर राहतात का. विकणारा म्हणाला, "बिटिया, ये सब किताबी बातें हैं. गाडी मक्खन है." आप्पांनी टायरला दोन लाथा मारल्या, हॉर्न वाजवला आणि मक्खन मान्य केले. घरी आल्यावर कळले की चालकाच्या मांडीवरचा दांडा वर केला की हात आपोआप जाम व्हायला हवेत, पण ती सोय कोणीतरी तारेचा तुकडा जोडून निकामी केली आहे. आप्पा म्हणाले, "चला, एक कटकट कमी."

हा लोडर मी आईला देते. अट एवढीच की आधी तार काढावी आणि हात उचलून धरणारा तेलाचा सिलिंडर गळतो, तो दुरुस्त करावा. जमत नसेल तर भंगारात द्यावा. जो कोणी चालवेल त्याने पट्टा बांधावा, बकेट जमिनीलगत ठेवून चालवावे आणि ती खाली टेकवल्याशिवाय उतरू नये.

कलम २. आरतीचे ताट. हे शेजारच्या गोपीनाथकाकांना. काका कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झाले असून घोषवाक्य स्पर्धेत सात वेळा पहिले आले आहेत. काल लोडरच्या पूजेला बकेटला घातलेला हार फोटोत नीट दिसावा म्हणून आप्पांनी बकेट पूर्ण वर नेली, इंजिन बंद केले आणि उतरले. सगळे बकेटखाली उभे राहिले. काका सुरक्षेवर बोलू लागले.

मी ओरडले, "आधी बाहेर या!"

"बेटा, प्रश्न फोटोनंतर," काका म्हणाले.

तेवढ्यात बकेट खाली येऊ लागली. आधी वीतभर. आईने हात जोडले. "अगं बघ, गाडी नमस्कार करतेय!" मग सगळ्यांनीच हात जोडले. हलले कोणीच नाही. मी आईला आणि काकांना ओढून बाहेर काढले, आप्पा कसेबसे निघाले, आणि बकेट जमिनीवर राहिलेल्या ताटावर टेकली. ताट आता पापडासारखे आहे. काकांनी ते सात प्रशस्तिपत्रांशेजारी टांगावे.

कलम ३. माझी बँकेतली बचत सिलिंडरच्या दुरुस्तीला लावावी. उरल्यास आईला नवा चष्मा घ्यावा, कारण तिला अजूनही तो नमस्कारच वाटतो.

कलम ४. पदवीचे प्रमाणपत्र बैठकीत आहे तिथेच असू द्यावे. पाहुण्यांना ते दाखवताना, प्रमाणपत्रवालीचे एखादे म्हणणे ऐकले असते तर काय झाले असते, याचाही विचार व्हावा.

कलम ५. आप्पांना मी काही देत नाही. ते साक्षीदार आहेत. शिवाय त्यांच्याकडे अनुभव आहे. परवा शिवाजी नगरच्या क्वार्टरांतला मलबा उचलायला ते हाच लोडर तारेसकट नेणार आहेत. "छत्तीस वर्षं कारखान्यात काढली, अंगावर ओरखडा नाही," असे त्यांचे म्हणणे.

"तुम्ही स्टोअरमध्ये होता," आई म्हणाली. "तिथे अंगावर पडलं असतं तर रजिस्टरच."

मी सांगितले, मालक मी आहे. तार तशीच राहिली तर परवा पिंजऱ्यात मी बसेन.

"तू काहून बसशील?"

"तुम्ही बसता म्हणून."

आप्पा पेपर वाचू लागले. म्हणून हे लिहावे लागले. मला मरायचे नाही आणि आप्पांनाही मरू द्यायचे नाही. लोडरच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेचे मी मराठीत भाषांतर करून दिले होते, ते त्यांनी पहिल्या पानावर सोडले. हा कागद तरी सही करण्यापूर्वी ते शेवटपर्यंत वाचतील.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो माझाच आहे.

सही: वंदना न. डेहनकर
स्थळ: भोपाळ
दिनांक: १६ मार्च २००९

साक्षीदार १: गोपीनाथ सालोडकर (सही केली. ताट नको म्हणाले.)

साक्षीदार २: नरहर डेहनकर. यांनी मजकूर दोनदा वाचला. "मुलीच्या असल्या कागदावर बाप सही करत नसतो," असे म्हणून पेन ठेवले आणि पक्कड घेऊन अंगणात लोडरकडे गेले. दुसऱ्या सहीअभावी हे मृत्युपत्र अपुरे आहे. ते पुरे करून घेण्याची मला घाई नाही.