जांभळ्याचं पिवळं

२ नोव्हेंबर

झालं! नमुना चारने जांभळं द्रावण बघता बघता पिवळं केलं. म्हणजे अँटिऑक्सिडंट भरपूर. हा नमुना म्हणजे वडपे गावच्या गोदामांमागे माजलेली रानवेल, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही — आणि बाकी सगळ्या पाल्यांना तिने मागे टाकलं. माझ्या गाइड विनिता मॅडम चक्क हसल्या. घरी आईला कौतुकाने सांगितलं, शरीर आतून गंजू नये म्हणून हेच लागतं. तिने मन लावून ऐकलं.

९ नोव्हेंबर

जेवण जात नाही. प्रबंधाचं टेन्शन, दुसरं काय! आई मागे लागून चहा तेवढा पाजते.

१४ नोव्हेंबर

विषारी आहे का ते बघायला काल खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीच्या पिल्लांवर नमुना चारचा अर्क घातला होता. डोळ्यांना जेमतेम दिसतात ती. आज एकही हलत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "रंग बदलला म्हणजे पोटात घालायच्या लायकीचं झालं, असं नसतं संघरत्ना. लिव्हरची वाट लावू शकतं हे."

पाला मी घरीच सावलीत वाळवते, आमच्याच मिक्सरमध्ये दळते. लॅबमध्ये जागा कुठे आहे? उरलेली पूड स्वयंपाकघरात, बरणीत. घरी येऊन बघते तर बरणी अर्ध्यावर!

आईवर इतकी ओरडले, की तिला तोंड उघडू दिलं नाही. गुडघ्यासाठी घेतलंस ना? मला विचारायचं तरी! ती पदराला हात पुसत राहिली. पूड फेकून दिली.

१५ नोव्हेंबर

सारखे आईचे डोळे बघतेय. पिवळे दिसतायत का? की मलाच भास होतोय? धामणकर नाक्यावर रक्त तपासायला नेलं. सुई टोचून झाल्यावर ती म्हणाली, "तू पन दे ना रक्त." मी खेकसले — मला काय झालंय?

तिला काही झालं तर — नाही लिहवत. मळमळ थांबत नाही. भीतीनेच.

१६ नोव्हेंबर

रिपोर्ट नॉर्मल! लिव्हर ठणठणीत. आईच्या गळ्यात पडून रडले. ती मात्र हसली नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी आईने माझं तोंड खिडकीकडे वळवलं, खालची पापणी ओढून बघितली आणि मटकन खाली बसली. "मी कुठं घेत होती गं? तुझ्याच चहात टाकायची. किती वाळलीस अभ्यासानं..."

आरशात अजून बघितलेलं नाही.