बंगल्यातला खून, आमच्या घरात

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अण्णांना आमच्याकडे आणलं. पाय प्लास्टरमध्ये, तोरा जागच्या जागी. जन्मभर शिवणयंत्रावर पाय चालवलेल्या माणसाने तो उशीवर ठेवून पडून राहायचं म्हणजे शिक्षाच. दिवसभर खिडकीकडे बघतात आणि माझ्या पडद्यांची शिलाई वाकडी आहे म्हणतात.

म्हणून माळ्यावरून आपला तो बंगल्यातल्या खुनाचा खेळ काढला. आठवतो ना? खून कुणी केला, कशाने केला आणि कुठल्या खोलीत, ते शोधायचं. तू रडायचास, कारण संशय नेहमी तुझ्यावर. तुझ्या भाचीला, भिंगरीला, पहिल्याच दिवशी वेड लागलं. पण पट पलंगावर ठरत नाही. अण्णा खोकले की सगळे संशयित एका खड्ड्यात. काल सोंगट्यांतले वकीलसाहेब प्लास्टरच्या आत सरकले. विणायच्या सुईने बाहेर काढेपर्यंत अण्णांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तू पाट्या रंगवतोस, हात तयार आहे. पट नको, नुसते हातात धरून खेळता येतील असे पत्ते करून देशील? अण्णांना पलंगावरून हलायला लागू नये, एवढीच अट.

लोभ आहेच, आळस तेवढा सोड.

तुझी,
ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्ते पाठवतोय. पाट्यांच्या कामातून उरलेल्या पुठ्ठ्याचे आहेत. फासे गेले, पट गेला. एक माणूस, एक हत्यार आणि एक खोली असे तीन पत्ते न बघता पाकिटात घालायचे, उरलेले वाटायचे. ज्याची पाळी त्याने संशय बोलून दाखवायचा. शेजाऱ्याकडे त्यातलं काही असलं तर त्याने गुपचूप दाखवायचं. पाकिटातले तीन जो ओळखेल तो जिंकला. चालणं काढून टाकताना जरा जिवावर आलं. पटावर आपला माणूस खोलीपर्यंत चालत जायचा, तेवढ्यात डोकं चालायचं. आता सगळा बंगला मुठीत.

एक घोटाळा झालाय. पट तुझ्याकडे, आणि बंगल्यातल्या खोल्या मला काही केल्या आठवेनात. रंगवायला बसलो आणि हाताने तुझंच घर काढलं. स्वयंपाकघरात गळका नळसुद्धा आलाय. गोड मानून घे. हत्यारांत अण्णांची मोठी कात्री घातली आहे, आधी सांगू नकोस.

अण्णांना नमस्कार, भिंगरीला पापा. माया आहे तशी राहू दे.

धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., पण रागावून.

खेळ झकास झालाय. माझ्या स्वयंपाकघरात इतके खून पडलेत की भाजी चिरताना मीच दचकते. कात्री बघून अण्णा म्हणाले, गाढवाने धार भलत्याच बाजूला काढलीय, आणि दिवसभर खुशीत होते. पत्त्यांचे कोपरे टोचतात म्हणून त्यांनीच एकेक गोल कापून दिला.

आता राग. प्लास्टर निघालं. हाड जुळलंय, रोज घरातल्या घरात चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. अण्णा मान हलवतात आणि पत्ते पिसतात. मी काठी पुढे केली की म्हणतात, हा डाव संपू दे. डाव संपला की भिंगरी म्हणते, अजून एक. इतका सोयीचा खेळ करून दिलास की उठायचं कारणच उरलं नाही. अट माझीच होती, ठाऊक आहे. पण रागवायला तूच आहेस.

खरं सांगू? ते घाबरलेत. त्यांच्या घरी न्हाणीघरात पडले तेव्हापासून. न्हाणीघराचा पत्ता त्यांनी डावातून काढूनच टाकलाय. म्हणतात, तिथं खून करायला जागा कुठाय. मी हसले, आणि मग आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

काहीतरी सुचव. लोभ आहे म्हणून हक्काने लिहिते.

ताई

ता. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चालणं परत घालू. प्रत्येक खोलीच्या दारावर एक पाकीट अडकव. डाव मांडताना माणसांतला किंवा हत्यारांतला एकेक पत्ता न बघता त्यात टाकायचा. ज्याला बघायचाय त्याने स्वतः जाऊन बघायचा, परत ठेवायचा आणि गप्प राहायचं. दुसऱ्यासाठी बघून येणं बंद.

अण्णांना आग्रह करू नकोस, हरू दे. भिंगरीकडून मुकाट्याने हरण्याइतका मोठेपणा त्यांच्यात नाही, हे तुला मला दोघांना माहीत आहे.

राग निवळला की लोभ कर.

धाकटा

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे नवे नियम कच्चे आहेत म्हणून हे पत्र. तुझी ताई म्हणते मी कुरकुर करतो. मी फक्त कुठे उसवलंय ते दाखवतोय.

भिंगरी प्रत्येक खोलीत पळत जाते आणि येताना गालात हसते. मी काय पलंगावर बसून तिच्या गालांवरून खुनी ओळखायचा? सारखा हरलो. शेवटी भिंत धरून मधल्या खोलीपर्यंत गेलो, तर पाकीट रिकामं. ताई त्यात पत्ता घालायलाच विसरली होती. वर माझ्याकडे बघून रडायला लागली. एवढ्याशा चुकीला कुणी रडतं का? मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या डावात घाल.

मग ती काठी. ठकठक ऐकून मी कुठल्या खोलीत निघालो ते सगळ्यांना कळतं. हा अन्याय आहे. मी तिच्या बुडाला जाड चिंधी शिवली, तर जावई हरकत घेतात. चिंधी चालते असं नियमात स्पष्ट लिही.

आणि घर लहान पडतं. खुनी माणूस खून करून घरातच कशाला बसेल? तेव्हा जिन्याचा आणि रस्त्यावरच्या फाटकाचा असे दोन पत्ते काढून धाड. जिन्याला खालपर्यंत कठडा आहे, मी बघून आलो.

तुझ्यावर लोभ आहेच. दोन डाव जिंकू दे, आणखी वाढेल.

अण्णा