अंगठ्याचा आरडाओरडा

४ जुलै १९८४

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, अंगठा सोडून. परवा एका भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग काढताना ती सुटली आणि तिचं टोक माझ्या उजव्या अंगठ्यात घुसलं. टोक चिमट्याने काढलं, बोट धुतलं, विषय संपला असं मी समजलो. अंगठा तसं समजला नाही. लाल झालाय, टम्म फुगलाय, तापलाय, ठणकतोय. चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय, पण एवढ्याशा कामाचा एवढा गाजावाजा करणारा कारागीर दुकानात ठेवला नसता.

तू रोज सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजतेस, तेव्हा यावर काहीतरी सांग. तुझी आई डॉक्टर, डॉक्टर करून घर डोक्यावर घेते आहे. ओरडणारं एक माणूस घरात असताना अंगठ्याने त्यात भर घालायची गरज नव्हती. काळजी एवढीच, की या अंगठ्याशिवाय मला तिळाएवढा स्क्रू धरता येत नाही. तो गेला तर मी दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसती वेळ सांगेन.

लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.

तुझा बाबा

८ जुलै १९८४

ती. स्व. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या त्या कारागिराची बाजू मी मांडते. कातडी म्हणजे शरीराचं झाकण. ते फुटलं की घड्याळात धूळ शिरते तसे जंतू शिरतात. तिथे आधीपासून बसलेल्या पेशी लगेच बोंब ठोकतात. ती ऐकून आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, म्हणून सूज. या पेशी जंतू कोण, कुठला, अशी चौकशी करत बसत नाहीत. परका दिसला की गिळतात आणि त्यात बऱ्याचशा स्वतःही मरतात. तुम्ही ज्याला घाण म्हणता तो पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच ढीग. हे त्यांना कोणी शिकवत नाही, जन्मापासून येतं. आईसारखंच आहे थोडं, गोंगाट आहे पण उगाच नाही.

मात्र दरवेळी त्याच जिंकतात असं नाही. म्हणून डॉक्टरांना दाखवा. ताप आला किंवा लाल रेघ मनगटाकडे चढू लागली तर जराही थांबू नका. आणि आईचं ऐका.

माया आहे ती राहू द्यावी.

तुमची बबडी

११ जुलै १९८४

चि. बबडीस आशीर्वाद.

तुझं व्याख्यान पोचायच्या आतच प्रश्न सुटला. मागच्या खेपेला आरशामागच्या कपाटात तू तुझ्या मलमाची ट्यूब विसरून गेलीस, ती सापडली. चांगला जाड थर लावला. बोटाचा घाम घड्याळाला लागू नये म्हणून आम्ही रबराची टोपी घालतो, ती वर चढवली. म्हणजे कामही चालू आणि औषधही जागेवर. बघता बघता लाली गेली, सूज ओसरली, ठणका थांबला. अंगठा अगदी सभ्य दिसतो. तुझ्या पांढऱ्या पेशींना कळव की त्यांची गरज पडली नाही.

अंगठ्याचं नाव काढायचं नाही म्हणून तुझ्या आईलाही शपथ घातली आहे. घरात इतकी शांतता आहे की भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी ऐकू येतात. संध्याकाळी जरा थंडी वाजते आणि काखेत एक गाठ दुखते, ते वयाचं असेल.

लोभ राहू दे, काळजी नको.

तुझा बाबा

१४ जुलै १९८४

ती. स्व. आईस शि. सा. न. वि. वि.

टपालाने उशीर होईल म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. बाबांच्या पत्रातली सगळी चांगली बातमी वाईट आहे. ते मलम माझ्या हातांवर हातमोज्यांमुळे उठणाऱ्या पुरळासाठी होतं. माझ्या पेशी साध्या रबराशी उगाच भांडतात, त्यांना गप्प करणं एवढंच त्याचं काम. बाबांच्या अंगठ्यातलं भांडण खरं होतं. मलमाने जंतू मेले नाहीत, ओरडणारे तेवढे गप्प झाले, आणि रबराच्या टोपीने मलम अजून आत मुरलं. थंडी आणि गाठ म्हणजे दुखणं हातातून वर चाललं आहे.

मला फार भीती वाटते आहे, आई. आजवर मीही तुला हळू बोल म्हणत आले. आज तुला जमेल तेवढ्या मोठ्याने ओरड आणि त्यांना असतील तसे इस्पितळात ने. मी उद्या निघते.

लोभ असू दे, मलम नसू दे.

बबडी

२३ जुलै १९८४

चि. बबडीस आशीर्वाद.

तू सुखरूप परत पोचलीस ना? हे पत्र मी इस्पितळातून सांगतो आहे आणि तुझी आई लिहिते आहे, कारण माझा हात बांधलेला आहे. (लिहीन, पण सगळं यांच्या मनासारखं लिहीन असं नाही. – आई)

त्या दिवसाचं तुला सांगायचं राहिलं. कंडक्टर पत्र घेऊन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. तुझी आई अशी ओरडली की गिऱ्हाईक घड्याळ टाकून पळालं. (खोटं. त्यानेच यांना धरून गाडीत बसवलं. – आई) डॉक्टरांनी अंगठा चिरून साफ केला ते तू पाहिलंसच. आणखी उशीर झाला असता तर तो त्यांनीच ठेवून घेतला असता म्हणे.

तू गेल्यावरही अंगठा तसाच होता, फिका, गार, बधिर. दुखतं का म्हणून डॉक्टर रोज विचारायचे आणि नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं. तुझी आईही गप्प बसून असायची. एवढी शांतता आयुष्यात प्रथमच मिळाली आणि ती मला सोसेना. (रडत होते. – आई)

आज सकाळी अंगठा लाल झाला, गरम झाला आणि असा ठणकला की मी बोंब मारली. नर्स धावत आली, डॉक्टर आले. त्यांनी दाबून पाहिलं, मी पुन्हा ओरडलो. ते हसले आणि म्हणाले, रक्त पोचलं, आता हा तुमचाच.

लोभ आहेच, थोडी सूजही असू दे.

तुझा बाबा

(सकाळपासून यांनी सगळं इस्पितळ डोक्यावर घेतलं आहे. शेजारच्या खाटेवरचे तक्रार करतात. मी मात्र यांना एकदाही हळू बोला म्हटलेलं नाही. – आई)