सात नंबरची जर्सी

वियनतियान, लाओस,
१२ मार्च २००६

प्रिय लॉरेलताईस,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे स्तोत्र वाचलं, तुझ्या भावजयीने, मनीवॉनने, दिलेला चिकट भात खाल्ला आणि सायकलवरून मैदानावर गेलो. इथे आपल्या खेळाचं, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, मैदान नाही. एका शाळेच्या सॉकरच्या मैदानावर आम्ही सामन्यापुरते बांबू रोवतो. दोन्ही टोकांना चार-चार, मधले दोन उंच, कडेचे बुटके. मेकाँग बगळे हा आमचा क्लब निघाला तेव्हापासून हे काम माझंच. एक टोक झालं. दुसरीकडे तीन रोवले, हात झटकले आणि सावलीत बसलो. पायाशी एक बांबू पडला होता. तो कशाला आणलाय, ते मला कळेना.

कप्तान ग्लेन आला आणि हसतच सुटला. म्हणाला, म्हातारबा, पाहुण्यांनी तिकडे गोल मारूच नये असा बेत दिसतोय. सगळे हसले, मीही हसलो. ताई, आपल्या गावच्या शाळेत मुळाक्षरांच्या आधी मी ते चार खांब ओळखायला लागलो होतो.

आणखी एक सांगतो. इथे माणूस दोन वर्षं राहतो आणि बदली होऊन जातो. म्हणून नव्या गड्याला जर्सी देताना तो नंबर आधी कोणी कोणी घातला, ती सगळी नावं मी तोंडपाठ म्हणतो. लिहून ठेवायचं नाही, हा पहिल्यापासूनचा रिवाज. परवा खाम्पान या इथल्याच लाओ गड्याला चार नंबर दिला. तीन नावं म्हटली आणि पुढे पाटी कोरी. त्या भल्या माणसाने हळूच टाळी वाजवली, म्हणून बाकीच्यांनीही वाजवली.

जानेवारीत खेळताना एकाचा गुडघा माझ्या डोक्याला लागला होता. त्याआधीही दोनदा लागलं होतं. ईस्टरनंतर बँकॉकचा संघ येतोय. आमचे गडी मोजकेच, मी उतरलो नाही तर संघ पुरा होत नाही. मनीवॉनला यातलं काही बोललो नाही. प्रार्थना करताना मध्येच थांबतो. पुढचे शब्द येतील ना, याची भीती वाटते.

भावजींना नमस्कार. माझी आठवण ठेव, माझी मला राहीलसं दिसत नाही.

तुझा,
कॉलिन


विमेरा, ऑस्ट्रेलिया,
२९ मार्च

चि. कॉलिन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहाचं आधण आटून गेलं तरी उठले नाही. इथे पाऊस नाही, पेरणी अडली आहे, तुझे भावजी आभाळाकडे बघत कुत्र्यावर ओरडतात. पण आज मला त्याचं काही वाटत नाही.

बाबा डोक्याला पट्टी बांधून खेळायचे, तेव्हा गावाला केवढं कौतुक होतं. पुढे तेच बाबा आपल्याच फाटकाशी उभे राहून विचारायचे, बाई, हे घर कुणाचं? तू तेव्हा तिकडे होतास. मी त्यांना हाताला धरून आत आणायचे आणि ते माझे आभार मानायचे, परक्याचे मानावेत तसे. मला पुन्हा कुणाला तसं आत आणायचं नाही.

तुमच्या त्या बगळ्यांना म्हणावं, एका पायावर उभे राहा, पण माझ्या भावाशिवाय. देवावर भरवसा ठेवतोस ना, मग थोडा डॉक्टरवरही ठेव. पन्नाशीला टेकलास, आता पोरांच्या गुडघ्यात डोकं घालू नकोस. मनीवॉनला आजच्या आज सांग. ती काय तुला टाकून जाणार आहे?

माया आहे म्हणून रागावते. उत्तर लगेच टाक.

तुझी,
लॉरेलताई


वियनतियान,
२३ एप्रिल

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात होतं, तरी काल जर्सी अंगात घातली. बूट बांधायला बसलो. लागेल याची भीती नव्हती. लागलेलं मला कळलंच नाही तर, याची होती. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली, ती अर्ध्यावर थांबली. मग जर्सी काढली आणि सगळ्यांना सांगितलं. खांबाचं, नावांचं, बाबांचंही.

ग्लेन म्हणाला, म्हातारबा, मग त्या दिवशी आम्हाला हसू का दिलंस? आणि उठून बँकॉकवाल्यांकडून एक गडी उसना मागून आणला. त्याने आपल्याच संघावर दोन गोल केले. त्याचे दोस्त म्हणाले, बेट्या, आज तू इथूनच पोहत घरी जा.

सामना संपल्यावर मी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि ज्याच्या त्याच्या नंबरची नावं पाठ करायला लावली. आता क्लबचा इतिहास एकट्या माझ्या डोक्यात नको. चार नंबरला पुन्हा अडलो. बँकॉककडचा ट्रेव्हर पहिल्या वर्षी आमच्यातच होता. तो गंमत समजून म्हणाला, अरे, पुढचं नाव तर तुझंच. सात घेण्याआधी चार तूच घालायचास.

कोणी हसलं नाही. खाम्पानने माझं नाव दोनदा म्हणून पाठ केलं.

रात्री मनीवॉनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, झोपेत तू नावं पुटपुटतोस, मी महिनाभर जागीच आहे. उद्या आम्ही दोघं नदीपलीकडे, थायलंडमधल्या उदोनच्या इस्पितळात जातोय. काय निघेल ते देव जाणे. भीती गेलेली नाही, पण आता ती दोघांत आहे.

आज चर्चहून येताना धुतलेली जर्सी घडी करून ग्लेनच्या हातात दिली. माझ्या नंबरची नावं काल त्याने पाठ केली होती, ती म्हणायची पाळी आता त्याच्यावर आली. त्याने न चुकता म्हटली, आणि सात नंबरच्या शेवटी माझं नाव घेतलं.

तुझाच,
कॉलिन