छतावरचा बर्फ आणि पंख्याचं तोंड

प्रति,
मा. प्रमुखसाहेब,
बर्फ निवारण विभाग, नगर कार्यालय,
हिनोसावा, होक्काइदो.

विषय : माझ्या दुकानातल्या धुराच्या पंख्याचं तोंड फिरवण्याचा हुकूम रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपली कालची नोटीस.

महोदय,

खाली सही करणारा ओकुयामा गेन्जी, धंदा तळलेली कोंबडी विकणे. आपण येऊन खाऊन गेला आहात, म्हणून जास्त ओळख देत नाही.

१) ज्याच्या छताचा बर्फ त्याच्याच अंगणात पडावा, अशी आपल्या गावची रीत आहे. माझे शेजारी ताकिनामी, निवृत्त संशोधक; सगळं गाव त्यांना मानाने सेन्सेई म्हणतं. त्यांनी यंदा छताला स्वतः शोधलेला लेप लावला. तेव्हापासून त्यांचा सगळा बर्फ एकदम सुटतो आणि थेट माझ्या दुकानाच्या दारात येतो. मागच्या महिन्यात माझी बायको फुमिए दार उघडायला गेली आणि कमरेपर्यंत गाडली गेली. गुडघा अजून सुजलेला आहे. सेन्सेई खिडकीतून म्हणाले, "गेन्जी, विज्ञान पुढे गेलं, तुझं दार तिथंच राहिलं. सरकव की जरा!"

२) त्याच संध्याकाळी हे गृहस्थ माझ्याच बाकड्यावर बसून बिअर पीत लेपाचं गुपित सांगत होते. छतावर म्हणे केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या खुंट्या असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते. बर्फाच्या अंगावर पाण्याचा न दिसणारा पदर असतो, तो खुंट्यांवर टेकतो न टेकतो तोच घसरतो. मी विचारलं, "मग याला काहीच चिकटत नाही?" म्हणाले, "तेल सोडून काही नाही. खुंट्यांमध्ये तेल भरलं की खेळ खलास." महोदय, मी त्यांना आणखी एक बिअर फुकट पाजली.

३) दुसऱ्या दिवशी तळणीचा तेलकट धूर फेकणाऱ्या पंख्याचं तोंड त्यांच्या छताकडे केलं. हे मी आनंदाने कबूल करतो. आता त्या छताला कोंबडीचा वास येतो, कावळे बसतात, आणि बर्फाचा कण खाली येत नाही. पुरुषभर साचलाय. वजनाने घरातली सरकती दारं अडकलीत. परवा सेन्सेई न्हाणीघरात कोंडले गेले म्हणे.

४) फुमिए गाडली गेली तेव्हाच्या माझ्या अर्जावर आपण "निसर्गापुढे इलाज नाही" असं लिहून दिलंत. छतावर बर्फ साचणं हासुद्धा निसर्गच धरावा, ही विनंती.

५) आज सकाळी सेन्सेई बर्फ उपसायला वर चढले. शिडी माझी. मागितली, दिली. ते वर पोचल्यावर काढून घेतली. चहा आणि गरम कोंबडी दोरीने वर पाठवली आहे, उपाशी ठेवणारे आम्ही नाही. "गेन्ज्या, शिडी लाव! पैसे देतो!" असं ओरडतायत. पैसे नकोत. फुमिएला "चुकलो" म्हणावं, एवढंच.

हे लिहिता लिहिता ते चुकलो म्हणाले, पण पुटपुटत. फुमिए खालून म्हणतेय, "सेन्सेई, मोठ्याने! माफी माझ्या गुडघ्याला हवी, आणि तो कानापासून लांब आहे."

तरी साहेबांनी साक्षीला जातीने यावं. येताना शिडी आणू नये.

पंखा चालू ठेवून, आपला नम्र,
ओकुयामा गेन्जी
९ फेब्रुवारी

सोबत : कोंबडीचा एक पुडा. गरम आहे तोवर खावा.